नवा पाट

बसमध्ये एकाच्या पायावर दुसऱ्याचा पाय पडला, तरी तिसरा मी, मलाच अपराधी वाटतं. वय पन्नाशी ओलांडून गेलं, पोरं आपापल्या मार्गाला लागली, पण ही खोड काही गेली नाही. घरातलं दूध नासलं की मी आधी स्वतःला विचारतो, आपल्या हातून तर काही झालं नाही ना? अशा माणसानं आनंदाच्या गोष्टी लिहायला बसावं हेच मुळात चमत्कारिक आहे. तरी लिहितो. कारण ज्या दुपारी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं होतं, तीच दुपार आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा हसून सांगितली जाते.

आमचं गाव बेल्याच्या पुढं, अगदी महाराष्ट्राच्या काठावर. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. घरात मराठी, शाळेत आणि तहसिलीत तेलुगू, बाजारात व्यापाऱ्याशी हिंदी, अशी आमची रीत. एकाच वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणाला त्याचं काही वाटत नसे.

गावात दरवर्षी कापसाची शेवटची वेचणी झाली की नाटक व्हायचं. नाटक म्हणजे दरवर्षी तेच. खलनायक पडद्याआड असतानाच पुढच्या रांगेतून त्याला शिव्या सुरू व्हायच्या. त्यात बक्षिसांचा जाच. नायक मरायला टेकला की कुणीतरी खिशातून नोट काढायचा, माईकवर त्याचं नाव पुकारलं जायचं, मग नायक उठून नमस्कार करायचा आणि पुन्हा आडवा होऊन मरायचा. एका वर्षी तो इतक्या वेळा मेला की शेवटी खरा मेला तेव्हा कुणी रडलंच नाही.

याला कंटाळून आम्ही काही पोरांनी ठरवलं की आता आपणच काहीतरी करायचं. पुढाकार मात्र शाळेतल्या तेलुगूच्या मास्तरांचा. ते करीमनगरकडचे, आमच्या गावात बदलून आलेले. अंगानं किडकिडीत, उत्साहानं दांडगे. त्यांना मराठी येत नव्हती, पण आपल्याला येते असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी दोनच नियम घातले. जे करायचं ते नवं, आधी कुणी न पाहिलेलं आणि न ऐकलेलं. आणि सगळं फुकट. तिकीट नाही, वर्गणी नाही, बक्षीस तर नाहीच नाही. कुणीही यावं, करावं, पाहावं.

दोन बैलबंड्या शेजारी लावून त्यावर फळ्या ठोकल्या की रंगमंच तयार. कार्यक्रम दिवसाउजेडी, कारण संध्याकाळी विजेचा भरवसा नसे आणि बाहेरगावच्या लोकांना शेवटची बस धरायची असे. लोक त्याला नव्याचा मेळा म्हणू लागले.

पहिल्या वर्षी मास्तरांनी स्वतः भोंगा घेऊन गावात दवंडी दिली, "सब लोग ऐका! मेळ्याला येताना आपला-आपला नवा पाट घेऊन या!"

तेलुगूत पाट म्हणजे गाणं. मास्तरांना म्हणायचं होतं, आपापलं नवं गाणं घेऊन या. आमच्या लोकांनी आपल्या परीनं अर्थ लावला. कार्यक्रम फुकट आहे, तेव्हा बसायला खुर्च्या मिळणार नाहीत, घरून पाट आणायचे. मेळ्याच्या दिवशी सगळा गाव काखेत लाकडी पाट मारून हजर! एक गृहस्थ तर सुताराकडून कोरा करकरीत पाट करवून घेऊन आले होते, कारण मास्तरांनी 'नवा' म्हटलं होतं. मास्तर त्या पाटांकडे बघत राहिले. मग त्यांना कुणीतरी अर्थ समजावला, आणि ते बंडीच्या चाकाला टेकून एवढे हसले की त्यांचा चष्मा पडला.

तेव्हापासून पाट घरून आणायचा ही मेळ्याची रीतच झाली. मास्तरांनाही सगळ्यांनी बजावलं, "सार, मराठीत गानं म्हना. पाट नोका म्हनू." त्यांनी मान डोलावली.

नवं आहे की नाही हे ठरवायचं काम आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशीनं आपण होऊन घेतलं होतं. ती पहिल्या रांगेत मधोमध पाट मांडायची. कुणी जुन्या चालीवर नवे शब्द बसवून आणले की पहिल्याच ओळीला तिचा हात वर. "जुनं हाय वो! उतरवा खाली!" की तो बिचारा बंडीवरून उतरलाच. आवडलं तर ती म्हणायची, "नवं हाय, म्हना पुढं." तिच्या या चार शब्दांसाठी जैनथ, गुडीहत्नूरपासून पोरं यायची. गुडीहत्नूरकडच्या गोंड पोरांनी एकदा काळ्या चिखलात रुतलेल्या बसचा नाच आणला होता. ढोलाच्या तालावर बस हलते, मागं येते, सगळे प्रवासी ढकलतात, कंडक्टर मात्र आत बसून तिकिटं फाडतो. मावशी पाटावरून उठून स्वतः बस ढकलायला गेली. आमच्या मंडळींनी एक दरखास्तीचं नाटक केलं होतं. त्यात साहेब तेलुगूत बोलायचा, कारकून उर्दूत, शेतकरी मराठीत, आणि तिघांचंही फक्त बैलाला कळायचं. बैल झालेला मीच होतो. त्यात मला संवाद नव्हते म्हणून मी तो पार पाडू शकलो.

आता ताईबद्दल सांगतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन पलीकडच्या गावात गेली, आणि मूलबाळ होण्याआधीच भाऊजी तापानं गेले. ती माहेरी परत आली. त्याआधी ती सारखी गायची. दळताना, निंदताना, भांडी घासताना. परत आल्यावर तिचं गाणं बंद झालं. आई म्हणायची, "गप्प हाय तेच बरं. लोकाईले बोलाले जागा नाई राहत." वडील नव्हते. घरात आम्ही तिघंच.

मेळ्याच्या तिसऱ्या वर्षी, वेचणी चालू असताना, मी ताईच्या मागच्या ओळीत होतो. ती हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. मी कान दिला. ते मी कधी ऐकलेलं नव्हतं.

"कोनाचं हाय हे?" मी विचारलं.

"माहं," ती म्हणाली, आणि बोंडात बघत पुढं म्हणाली, "आवंदा मी मेळ्यात म्हनीन म्हनते."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्याच्या आधी भीती वाटली. विधवा बाई, बंडीवर, माईकसमोर, सगळ्या गावापुढं. ती भीती माझ्या तोंडावर दिसली असणार, कारण ताई म्हणाली, "तुह्या तोंडाचं काऊन वांगं झालं? गानं मी म्हनून राह्यली, तू नाई."

आईनं आधी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हन बाप्पा. पन एकदाच. अन् कोनी काई बोललं तं मंग माह्या मांडीवर डोकं ठेवून रडाचं नाई."

गाण्याला साथ हवी होती. बाजाराच्या दिवशी जैनथचे एक टेलर आमच्या गावात मशीन घेऊन बसायचे. आमच्याच समाजातले, शांत माणूस. बायको वारून काही वर्षं झालेली. ते पेटी छान वाजवायचे. मीच त्यांना विचारलं. बाजार उठला की ते आमच्या ओसरीवर यायचे, आई सुपात काहीतरी निवडत समोर बसायची, आणि ताई गायची. टेलर मान वर न करता वाजवायचे. मी दारात उभा राहून रस्त्यावरून कोण जातं ते बघायचो.

मेळ्याचा दिवस आला. ऊन चांगलं पडलं होतं, पाटांना पाट लागले होते. कार्यक्रम पुकारायचं काम माझ्याकडे होतं. सकाळपासून मी सगळं नीट पुकारलं. ताईची पाळी जवळ आली आणि माझा घसा बंद झाला. माईकपुढं उभा राहिलो तर तोंडातून नुसती हवा. ताई आणि टेलर बंडीवर येऊन बसलेसुद्धा, तरी माझा शब्द फुटेना. शेवटी मी माईक मास्तरांच्या हातात दिला आणि कसंबसं म्हणालो, "सार, तुमीच सांगा. ताईचं हाय आता."

मास्तर खूश झाले. ताईला ते अक्का म्हणायचे, तेलुगूत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. त्यांनी माईक तोंडाला लावला. उत्साहात त्यांना दोन वर्षांपूर्वीचं बजावणं आठवलं नाही. भोंग्यातून शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"आता आपल्या अक्काचा पाट लागेल!"

पाट लावणं म्हणजे आमच्यात विधवेचं दुसरं लग्न. आणि ती गोष्ट आमच्याकडं कशी व्हायची, तर अंधार पडल्यावर, वाजंत्री न लावता, चार माणसांत, मागच्या दारानं. भर उन्हात, भोंग्यावर, सगळ्या पंचक्रोशीसमोर पाट पुकारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मग मागून एक आवाज आला, "कोनासंग वो सार?"

मास्तरांना वाटलं, साथीला कोण आहे ते विचारतायत. त्यांनी मोठ्या आदरानं हात केला. "पेटीवाल्यासोबत! जैनथचे टेलर गारू!"

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. माणसं पाटावरून खाली पडली. बायांनी तोंडात पदर कोंबले. आईनं पदर पार नाकापर्यंत ओढला. टेलरांचा चेहरा त्यांच्या पेटीच्या लाल कापडासारखा झाला. मास्तर सगळ्यांकडे बघून हसत होते, कारण लोक खूश झाले असं त्यांना वाटत होतं. आणि मी? ताईचा सख्खा भाऊ? क्षणभर मीही हसलो. आलंच मला हसू. मग भानावर आलो आणि बंडीच्या मागं जाऊन चाकाचा आरा घट्ट धरून उभा राहिलो. मनात एकच, आता ताई उतरणार. आता ती पुन्हा कधी गाणार नाही. आणि हे माझ्या घशापायी.

ताई उतरली नाही. ती उठली आणि मास्तरांच्या हातातून माईक घेतला.

"पाटाचं मागून पाहू," ती म्हणाली. "आदी गानं आयका."

हसणं थांबलं नाही, पण बदललं. आता ते तिच्यावर नव्हतं, तिच्यासोबत होतं. टेलरांची बोटं मात्र पेटीवर नुसती पडून होती. ताईनं माईक न हटवताच त्यांच्याकडं पाहिलं. "वाजवा ना वो! तुमी काऊन लाजून राह्यले?"

पुन्हा हशा. त्यातच पेटी सुरू झाली, आणि ताई गायला लागली.

बोंड टोचे बोटाले, मी बोंडाले हासली,
ओटी भरता भरता माय, आभायाची गाठ सुटली.
पांढरं वेचू वेचू थकली, पांढरं काई सरेना,
लाल-हिरवा कापूस माय, कोनी काऊन पेरेना?

पहिल्या ओळीला सगळ्यांच्या माना मावशीकडं वळल्या. मावशीचा हात मांडीवरच होता. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. चौथ्या ओळीला पुरुष हसले, कारण लाल-हिरव्या कापसाची गंमत वाटली. बाया हसल्या नाहीत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना पांढऱ्याचा अर्थ लगेच कळला होता. मावशी उठून उभी राहिली.

"नवं हाय," ती म्हणाली. मग आवाज चढवून म्हणाली, "नवं हाय! आखीन म्हन!"

ताईनं ते गाणं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी शेवटची ओळ सगळ्या बायांनी उचलली. आईचा पदर अजून नाकापर्यंतच होता, पण पदराआड तिचे ओठ हलताना मी बंडीच्या चाकातून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आमच्या दारात. रात्री कुणीतरी त्यांना पाटाचा तिसरा अर्थ सांगितला होता. सोबत त्यांची बायको, तिच्या हातात पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा. मास्तरांचे डोळे सुजलेले.

"अम्मा, तप्पु झाला," ते आईला म्हणाले. त्यांची मराठी, हिंदी, तेलुगू सगळी एकत्र झाली होती. "बहोत मोठा तप्पु. मी बदली मागतो."

"तुमची नाई सार, चूक माही," मी मध्येच म्हणालो. "माईक मीच तुमच्या हातात दिला."

"नाही, नाही, माझी."

"माही वो!"

आम्ही दोघं ओसरीवर उभे राहून एकाच चुकीसाठी भांडत होतो. आतून ताई आली. तिनं आधी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खो-खो हसत सुटली. हसता हसता भिंतीला टेकली.

"सार, तुमी चुकले नाई," ती म्हणाली. "बरोबर सांगलं तुमी. मलेच भेव वाटलं, का याईले मालूम झालं कसं!"

मास्तरांना कळायला जरा वेळ लागला. आईला लगेच कळलं.

"काय मालूम झालं?" आई म्हणाली.

"तेच."

"कवा ठरलं हे? मी तं समोर बसून राहत होती, सूप घेऊन!"

"तू सुपात पाहत होती, माय," ताई म्हणाली.

आणि मी रस्त्याकडं पाहत होतो. दारात पहारा देत उभा होतो, बाहेरून कुणी काही बोलू नये म्हणून. आत काय चाललंय तिकडं माझी पाठ होती.

आईचा राग टेलरांवर नव्हता. माणूस चांगला आहे हे तिनं त्याच दिवशी मान्य केलं. तिचं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. करायचं तर रीतीप्रमाणं, अंधारात, गुपचूप. "आपल्यात पाट उजेडात लावत नाई. माह्या मायच्या बहिनीचा असाच झाला, दिवा बी झाकून ठेवला होता."

"ज्याची दवंडी भर दुपारी झाली, ते रातच्याले काऊन लपवाचं?" ताई म्हणाली.

तरी आईनं होकार दिला नाही. पेरणी झाली, निंदण झालं, पुन्हा बोंडं फुटली, तरी मायलेकी आपापल्या शब्दावर. टेलर दर बाजाराला येत राहिले, पेटी न आणता, आईसाठी पानाचा पुडा घेऊन. मला या सगळ्या काळात वाटायचं की आपण काहीतरी बोलायला हवं, आणि मी बोललो की बिघडेल. म्हणून दोन्हीचा अपराध घेऊन गप्प राहिलो. शेवटी मावशीच एक दिवस ओसरीवर आली, आईजवळ पाट ओढून बसली आणि म्हणाली, "माहा पाट झाला तवा मी नवऱ्याचं तोंड दुसऱ्या दिवशी पाह्यलं. तुह्या पोरीले आदीच दिसते तं दिसू दे ना वो."

मावशीचाही पाट झाला होता हे मला तेव्हा प्रथम कळलं. आईला अर्थातच माहीत असणार. तिनं एक पान जुळवून मावशीच्या हातात दिलं. मग तिनं विचारलं, "मेळा कवा हाय आवंदा?"

चौथ्या मेळ्याचा पहिला कार्यक्रम सकाळी, उन्हं अंगावर यायच्या आत. मास्तरांनी माईक घेतला. या वेळी त्यांनी वाक्य घोटून पाठ केलं होतं. "आता आपल्या अक्काचा पाट लागेल," ते म्हणाले आणि थांबले.

"कोनासंग वो सार?" सगळा मेळा एका सुरात ओरडला.

"पेटीवाल्यासोबत!" मास्तर त्याहून मोठ्यानं ओरडले.

बंडीवर दोन पाट मांडले होते. त्यातला एक पहिल्या वर्षी सुताराकडून करवून आणलेला. त्या गृहस्थांनी तो मोठ्या मानानं आणून दिला होता. ताईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. आईनं पदर कपाळापर्यंतच घेतला होता, त्याखाली नाही.

पण एक अडचण झाली. पेटी वाजवणारा माणूस पाटावर बसला होता, आणि वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडं बघू लागले, कारण ओसरीवरच्या तालमी सगळ्यांत जास्त मी ऐकल्या होत्या. ऐकणं वेगळं आणि वाजवणं वेगळं, हे मी सांगत होतो, तोवर पेटी माझ्या मांडीवर आली. मी भाता ओढला, दिसेल ती पट्टी दाबली. जे वाजलं ते गाणं नव्हतं. नवे भाऊजी पाटावरूनच, अक्षता झेलत, मला बोटांनी हवेत पट्ट्या दाखवत होते. ताई तोंडावर हात धरून हसत होती. मी पहिल्या रांगेकडं पाहिलं. मावशीनं हात वर केला होता.

"असं तं मी जन्मात आयकलं नाई," ती ओरडली. "नवं हाय! वाजव पुढं!"

मी वाजवत राहिलो. माफी मागायची राहूनच गेली.